खारघरच्या मैदानापासून अमेरिकेच्या चर्चपर्यंत : धर्म मतपेटीत कसा उतरतो?

अमेरिकेतल्या निवडणुकीच्या बातम्यांत 'इव्हँजेलिकल मतदार' हा शब्द वारंवार येतो. २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. २०२० आणि २०२४ मध्येही चित्र जवळपास तेच राहिले. तीन लग्ने केलेला, कॅसिनो चालवलेला उमेदवार बायबल हातात घेऊन जगणाऱ्या मतदाराला एवढा जवळचा का वाटतो, हा प्रश्न आपल्या अनेक तरुणांना पडतो.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते. अमेरिकेत जे घडले त्याचा नमुना महाराष्ट्रातही दिसतो, नवी मुंबईतही दिसतो, आणि त्याची झळ थेट आपल्या धम्मदीक्षेपर्यंत पोहोचते. म्हणून आधी अमेरिका थोडक्यात पाहू आणि मग आपल्या घराकडे वळू.

वाद गर्भपाताचा, सुरुवात मात्र शाळेपासून

अमेरिकेतल्या धार्मिक उजव्यांची ओळख आज गर्भपातविरोध ही आहे. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात स्त्रीला गर्भपाताचा अधिकार दिला आणि त्याच्या संतापातून ही चळवळ उभी राहिली, असे सांगितले जाते. इतिहास एवढा सरळ नाही. दक्षिणेतल्या गोऱ्या ख्रिस्ती समाजाची सर्वात मोठी संघटना असलेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ सालीच ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी, असे म्हटले होते.

मग हे पाद्री राजकारणात उतरले कशामुळे? इतिहासकार रँडल बाल्मर यांचे उत्तर आहे : शाळांमुळे. १९५४ साली 'ब्राऊन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर दक्षिणेत फक्त गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या. त्यांपैकी बऱ्याच चर्चच्या आश्रयाने चालत आणि धर्मादाय म्हणून करमाफी घेत. १९७१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, वंशभेद पाळणाऱ्या संस्थेला ही करमाफी मिळणार नाही. साऊथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठात काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांवर प्रेम करण्यास बंदी होती, आणि कारण बायबलचे दिले जात होते. १९७६ मध्ये त्याची करमाफी काढली गेली. हा वाद १९८३ पर्यंत चालला आणि विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात हरले.

पॉल वेरिक हा या चळवळीचा संघटक. पाद्र्यांना राजकारणात ओढण्यासाठी त्याने अनेक विषय वापरून पाहिले होते. अखेर ते जागे झाले ते करमाफीच्या प्रश्नावर, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. पण 'आमच्या वंशभेदी शाळा वाचवा' अशी घोषणा देऊन देशभर मते मिळत नाहीत, त्यासाठी पवित्र वाटणारा विषय लागतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी गर्भपात हा तो विषय झाला. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन निवडून आले.

सगळे इतिहासकार या एकाच कारणावर थांबत नाहीत. १९६२ मध्ये सरकारी शाळांतल्या प्रार्थनेवर आलेली बंदी, बदलती कुटुंबे, स्त्रियांच्या समानतेची चळवळ ही कारणेही मोजावी लागतात. पण या सगळ्यांत एक धागा समान आहे. कोणीतरी खालचा मानलेला माणूस, काळा असो वा स्त्री, बरोबरीचा हक्क मागत होता. जे आपले वरचे स्थान सोडायला तयार नव्हते, त्यांनी त्या स्थानाला धर्माचे नाव दिले.

यंत्रणा कशी बांधली

नुसत्या रागावर चळवळ पन्नास वर्षे टिकत नाही. अमेरिकन धार्मिक उजव्यांनी जी कामे चिकाटीने केली, ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावीत.

पहिले काम यादीचे. रिचर्ड व्हिगरी या माणसाने लाखो समविचारी लोकांचे पत्ते जमवले, त्यांना थेट पत्रे पाठवली आणि लहान लहान देणग्यांतून मोठा पैसा उभा केला. दुसरे काम मतदार नोंदणीचे. चर्चमधून निघणाऱ्या माणसाचे नाव मतदार यादीत आहे का, हे तिथेच पाहिले जाई. तिसरे काम खालच्या निवडणुकांचे. १९८९ मध्ये पॅट रॉबर्टसन यांनी काढलेल्या 'ख्रिश्चन कोएलिशन'ने शाळा मंडळांसारख्या छोट्या निवडणुकांवर लक्ष दिले, कारण तिथे मतदान कमी होते आणि थोडी संघटित मतेही पुरतात. चौथे काम न्यायालयांचे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'फेडरलिस्ट सोसायटी'च्या वर्तुळातून पुराणमतवादी वकील आणि न्यायाधीश घडत गेले. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रो'चा निकाल फिरवला. १९७३ ते २०२२ म्हणजे ४९ वर्षे वाट पाहून, एकेक पायरी चढून हा निकाल मिळवला गेला.

ट्रम्प यांच्या कोड्याचे उत्तरही यातच आहे. त्या मतदाराला साधुपुरुष नको होता. आपल्या मनासारखे न्यायाधीश नेमणारा सत्ताधारी त्याला हवा होता, आणि ट्रम्प यांनी पहिल्याच कार्यकाळात सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश नेमले.

महाराष्ट्रातला नमुना

आता आपल्याकडे पाहू. १९२५ साली दसऱ्याला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला. १९६४ साली मुंबईत पवईला विश्व हिंदू परिषद स्थापन झाली. १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष आला. त्याआधी १९६६ पासून शिवसेना होती, जी मराठी माणसाच्या प्रश्नावर उभी राहिली आणि १९८० च्या दशकात हिंदुत्वाकडे वळली. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. आम्ही लक्ष वेधतो ते चार प्रसंगांकडे.

पहिला, हिंदू कोड बिल. बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे विधेयक पुढे रेटले, तेव्हा संघ, हिंदू महासभा आणि रामराज्य परिषद विरोधात उभ्या राहिल्या. धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, हा मुख्य सूर होता. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. वीस वर्षांनी अमेरिकेत स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती आली, तेव्हा फिलिस श्लाफ्ली यांनी तिच्याविरुद्ध हाच सूर लावला. ३८ राज्यांची संमती हवी होती, मुदतीत ३५ मिळाल्या आणि १९८२ मध्ये मुदत संपली.

दुसरा, नामांतर. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. विरोध करणाऱ्यांत सगळेच धर्माचे राजकारण करणारे नव्हते. मराठवाड्याच्या अस्मितेची भाषा बोलणारेही त्यात होते. पण या प्रश्नाने शिवसेनेला मराठवाड्यात पाय रोवायला जागा दिली, हे नाकारता येत नाही.

तिसरा, 'रिडल्स'. १९८७ मध्ये राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून शिवसेना आणि इतर संघटनांनी रान उठवले आणि ते परिशिष्ट वगळण्याच्या हालचाली सुरू झाल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपला समाज मुंबईत लाखोंनी रस्त्यावर उतरला. शेवटी परिशिष्ट राहिले, पण त्यातल्या मतांशी सरकार सहमत नाही, अशी तळटीप घालून.

चौथा, मंडल. ७ ऑगस्ट १९९० रोजी व्ही. पी. सिंह यांनी इतर मागासवर्गीयांना केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षण जाहीर केले. २५ सप्टेंबरला लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा सोमनाथहून निघाली. राम मंदिराची मागणी जुनी होती, ती मंडलमुळे जन्मली असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण जातीच्या प्रश्नावर समाज ढवळून निघत असतानाच सगळ्यांना एका धर्माच्या झेंड्याखाली आणण्याचा प्रयत्न जोरात झाला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा आली तेव्हाही विरोधक जातनिहाय जनगणना मागत होते. जातीने आधीच वाटलेल्या समाजाला 'वाटले जाऊ नका' असे सांगताना ती वाटणी कोणी केली, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावाने मत मागणे भ्रष्ट आचार ठरतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांमुळे डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण १९९५ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुत्व ही एक जीवनपद्धती असल्याचेही म्हटले, आणि ते वाक्य पुढे ढालीसारखे वापरले गेले. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणेही भ्रष्ट आचारात येते, असा निकाल चार विरुद्ध तीन मतांनी दिला. हा खटलाही मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उगवलेला होता.

नवी मुंबईत काय दिसते

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर राज्य सरकारने आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला. केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री मंचावर होते. समोर लाखो श्री सदस्य भर उन्हात बसले होते. मंचावर सावली होती, मैदानावर नव्हती. उष्माघाताने १४ माणसे गेली.

तिथे मत मागितले गेले असे आमचे म्हणणे नाही. रायगड, ठाणे आणि कोकणातली हजारो आगरी, कोळी, कुणबी कुटुंबे दारू सुटली, घर सावरले म्हणून या बैठकांना जातात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न सरकारला आहे. सरकारी पुरस्कार सभागृहातही देता येतो. तो एप्रिलच्या दुपारी लाखोंच्या गर्दीत का द्यावासा वाटतो? कारण गर्दी दिसते, आणि गर्दीमागे मतदारसंघ दिसतात. गर्दी गुरूची, मंच सरकारचा, आणि मेलेली माणसे बहुजनांची. घटनापरिषदेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी दिलेला इशारा खारघरला आठवल्याशिवाय राहत नाही.

उलव्यात तिरुपती देवस्थानाच्या बालाजी मंदिरासाठी सिडकोची १० एकर जमीन २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात देण्यात आली. भूमिपूजन ७ जून २०२३ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत झाले. किनाऱ्यालगतच्या या जागेला पर्यावरण कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतले होते. सरकार बदलले तरी मंदिराचा निर्णय बदलला नाही. १५ जानेवारी २०२५ रोजी खारघरमधल्या इस्कॉन मंदिराचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. मंदिर बांधणे हा भाविकांचा हक्क आहे. पण ज्या सिडकोच्या शहरात विहारासाठी, शाळेसाठी, अभ्यासिकेसाठी भूखंड मागताना वस्तीला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात, तिथे कोणाच्या श्रद्धेला राज्यकर्ते स्वतः चालत येतात, हे पाहिले पाहिजे.

आपल्या दीक्षेशी संबंध

२०२२ च्या अखेरीपासून 'सकल हिंदू समाज' या नावाने राज्यभर मोर्चे निघाले. नवी मुंबईही त्याला अपवाद नव्हती. 'लव्ह जिहाद' आणि धर्मांतराविरुद्ध कायदा करा, ही मुख्य मागणी होती. अनेकांना वाटते की हा वाद हिंदू आणि मुसलमानांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध कागदावर आहे, तो पाहू.

डिसेंबर २०२२ मध्ये महिला व बालविकास विभागाने एक समिती नेमली. पहिल्या शासन निर्णयात तिच्या कक्षेत आंतरधर्मीय विवाहांबरोबर आंतरजातीय विवाहही होते! टीका झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द काढला गेला. जात मोडण्याचा बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय म्हणजे आंतरजातीय विवाह, आणि त्यासाठी सरकार स्वतः अनुदानही देते. तरीही पहिल्या मसुद्यात तो देखरेखीखाली आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती अशा कायद्याचा अभ्यास करण्यासाठी नेमली.

असा कायदा झाल्यावर काय होते, ते शेजारच्या गुजरातने दाखवले. तिथे २००३ पासून धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा कायदा आहे. दरवर्षी हजारो दलित बांधव तिथे बौद्ध धम्म स्वीकारतात. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या गृह खात्याने परिपत्रक काढले : बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म आहे, म्हणून हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. आपण स्वतंत्र आहोत हे सरकारने मान्य केले, याचा काहींना आनंद झाला. पण त्याच वाक्यात परवानगीची अटही आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या हातात जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना नव्हता. असा कायदा त्या वेळी असता तर?

दिल्लीतही अनुभव आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथले मंत्री राजेंद्र पाल गौतम बावीस प्रतिज्ञांच्या सामूहिक कार्यक्रमाला उपस्थित राहिले, आणि उठलेल्या गदारोळानंतर त्यांनी राजीनामा दिला. ते भाजपचे नव्हते, आम आदमी पक्षाचे होते. धार्मिक उजव्यांचा खरा प्रभाव इथे मोजावा. ते आपल्या पक्षाला जिंकवतात, आणि त्याचबरोबर विरोधी पक्षालाही घाबरवतात.

अमेरिकेतही हेच दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. पाठोपाठ कॅलिफोर्निया राज्यात तसेच विधेयक आले. हिंदू अमेरिकन फाउंडेशनसारख्या संघटनांनी जोरदार विरोध केला. विधिमंडळाने ते मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आधीच आहे, हे त्यांचे कारण. न्यूसम डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत.

साम्य कुठे संपते

दोन्ही देश एकसारखे नाहीत. अमेरिकेच्या घटनेत सरकारने कोणताही धर्म स्थापन करू नये, अशी तरतूद १७९१ पासून आहे. आपल्या घटनेने धर्मस्वातंत्र्य दिले आणि त्याचबरोबर अस्पृश्यतेसारख्या गोष्टी मोडायला धर्मात हस्तक्षेप करण्याचा अधिकारही सरकारला दिला. हा अधिकार आपल्या बाजूचा आहे, तो गमावून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतला काळा ख्रिस्ती समाजही तेच बायबल वाचतो, तितकाच चर्चला जातो, पण त्याचे बहुसंख्य मत दुसऱ्या पक्षाला जाते. मार्टिन ल्यूथर किंग चर्चमधूनच आले. म्हणजे ग्रंथ एकच असला तरी राजकारण माणसाच्या समाजातल्या जागेवर ठरते. म्हणून 'धर्म वाईट' एवढ्यावर आपण थांबू नये. बाबासाहेबांनी धर्म नाकारला नाही, विषमतेचा धर्म नाकारला. संघ परिवाराने १९८३ मध्ये सामाजिक समरसता मंच काढला, तेव्हा समता आणि समरसता यांतला फरक आपल्या विचारवंतांनी सांगितलाच होता. समरसतेत सगळे एकत्र बसतात, पण वरचा वर राहतो. समतेत पायरीच जाते.

मग करायचे काय?

आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक, कोणताही धार्मिक वाद पेटला की त्याच महिन्यातला दुसरा प्रश्न शोधा. आरक्षण, जनगणना, शिष्यवृत्ती, जमीन यांतले काय बाजूला पडले, ते वस्तीत सांगा.

दोन, भाषणे ऐकण्याआधी कागद वाचा. शासन निर्णय, विधेयकाचा मसुदा, सिडकोचे भूखंड वाटप हे मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार आहे. २०२२ च्या निर्णयातला एक शब्द दोन दिवसांत बदलला, कारण कोणीतरी तो वाचला होता. धर्मांतराविषयीच्या कायद्याच्या मसुद्यात धम्मदीक्षेवर पूर्वपरवानगीची अट आहे का, हे पहिल्यांदा तपासा आणि प्रत्येक आमदाराला लेखी विचारा.

तीन, खालच्या निवडणुका सोडू नका. महापालिकेचा प्रभाग, शाळेची व्यवस्थापन समिती, गृहनिर्माण संस्था, विद्यापीठाची अधिसभा इथे थोडी संघटित मतेही पुरतात. समोरच्यांनी हे केव्हाच ओळखले.

चार, हाच नियम विहारालाही लावा. निवडणूक आली की बुद्धमूर्तीला हार घालायला येणाऱ्या उमेदवाराला बसवा, पण माईक देण्याआधी प्रश्न विचारा. कालामांना बुद्धाने जो सल्ला दिला, तो गुरूंनाही लागू आहे आणि नेत्यांनाही, आपल्या नेत्यांनाही. ऐरोलीच्या स्मारकातले ग्रंथ काचेआड पाहण्यासाठी नाहीत. तिथे बसून हिंदू कोड बिलाचा खंड आणि 'रिडल्स'चा खंड तरुणांनी एकत्र वाचावेत. सत्तर वर्षांपूर्वीचा तो विरोध आजच्या बातम्यांत ओळखू येईल.

अमेरिकेतल्या धार्मिक उजव्यांनी ४९ वर्षे काम करून एक अधिकार काढून घेतला. ज्यांच्याकडून तो घेतला गेला, त्यांतल्या अनेकांना तो कायमचा मिळाला आहे असे वाटत होते. बौद्ध होण्याचा आपला अधिकार आपण तसाच गृहीत धरू नये.

जय भीम!